समुद्राची नाडी

वैद्याने रोग्याची नाडी पाहिली, की ती कोठे बिघडली आहे हे त्याला कळते. कारण निरोगी माणसाची नाडी कशी चालते, हे त्याला ठाऊक असते. समुद्राच्या बाबतीतही हेच खरे आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी अलास्का हे राज्य अगदी उत्तरेस आहे. त्याच्या दक्षिणेस पॅसिफिक महासागराचा जो भाग येतो, त्यास अलास्काचे आखात म्हणतात. तेथील हिमनद्यांचे व पावसाचे पाणी समुद्रास मिळते आणि किनाऱ्यालगत एक मोठा प्रवाह होऊन पश्चिमेकडे वाहत जाते. या थंड पाण्यात मासे विपुल असून अनेक कुटुंबांचा चरितार्थ त्यांवर चालतो.

एवढ्या अफाट समुद्राची पाहणी करावी तरी कशी? सर्वत्र यंत्रे ठेवणे शक्य नाही. म्हणून मोजकीच ठिकाणे निवडावी लागतात. तेथील पाण्यावरून आसपासच्या मोठ्या प्रदेशाची स्थिती कळली पाहिजे. शिवाय हिवाळ्यातही तेथे वरचेवर जाता आले पाहिजे. सेवर्ड बंदराजवळ, रेझरेक्शन उपसागराच्या मुखाशी, असे एक ठिकाण सापडले. तेथे पाणी २५० मीटरांहून अधिक खोल आहे. डिसेंबर १९७० पासून शास्त्रज्ञ तेथे पृष्ठभागापासून तळापर्यंत पाण्याचे तापमान व खारेपणा मोजीत आले आहेत. गोडे पाणी हलके असल्यामुळे वर राहते व खारे पाणी जड असल्यामुळे खाली जाते. म्हणून केवळ वरचे पाणी पाहून भागत नाही. पुढे तेथे तळाशी जड वजन टाकून एक दोर उभा ठेवण्यात आला. त्याला निरनिराळ्या खोलीवर बांधलेली यंत्रे अहोरात्र नोंदी करतात.

२४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन व्हॅल्डीझ हे तेलवाहू जहाज जवळच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर आदळले. सुमारे ४ कोटी लिटर तेल समुद्रात सांडले. असंख्य पक्षी व जलचर मृत्युमुखी पडले. किती हानी झाली, हे ठरविताना मोठी अडचण आली. पाण्याच्या नोंदी होत्या. परंतु पूर्वी कोणते प्राणी किती होते, याच्या नोंदी पुष्कळ बाबतींत नव्हत्या! निरोगी नाडी कोणी पाहिलीच नव्हती.

त्या अनुभवाने पुढची योजना अधिक व्यापक झाली. २०१२ पासून पाणी, सूक्ष्म जीव, मासे, पक्षी व देवमासे या सर्वांची पाहणी एकमेकींशी जोडून होऊ लागली. थोड्याच काळात तिची कसोटी लागली. २०१४ ते २०१६ या काळात आखाताचे पाणी नेहमीपेक्षा बरेच उबदार झाले. जुन्या नोंदींशी तुलना करता आल्यामुळेच हा बदल किती असाधारण आहे व ही उष्णता खोल पाण्यातही कशी पोहोचली आहे, हे कळले. उबदार पाण्यात कॉड माशांना अन्न अधिक लागते. पण अन्न तर कमी झाले होते. २०१७ मध्ये त्यांची संख्या फार घटल्याचे आढळले. अखेर २०२० साली आखाताच्या मध्यवर्ती सरकारच्या ताब्यातील भागात कॉडची मासेमारी बंद ठेवावी लागली. कोळ्यांना हा निर्णय जड गेला. परंतु उरलेल्या माशांना जगण्याची संधी मिळाली.

दर महिन्याला तेच ठिकाण, तीच मापे! हे काम कंटाळवाणे वाटते. त्यातून कीर्तीही लगेच मिळत नाही. पण एकदा चुकलेली नोंद पुन्हा कधीही करता येत नाही. संकट आल्यावर मोजावयास बसणाऱ्याला काय गमावले हे कधीच कळत नाही.

स्वाध्याय

१. पाहणीसाठी ठिकाण निवडताना कोणत्या दोन गोष्टी पाहाव्या लागतात?
२. केवळ वरचे पाणी मोजून का भागत नाही?
३. १९८९ सालच्या अपघातानंतर हानी ठरविताना कोणती अडचण आली?