नाताळचं फळांचं ताट : वीस माणसं, पाचशे रुपये

नाताळच्या संध्याकाळी वसईत आमच्याकडे माणसं येतात तेव्हा टेबलावर नेवऱ्या, कलकल, दोदोल, मार्झिपान आणि रम घातलेला केक असतो. दुपारचं मटण अजून पोटात असतं. त्यात आजोबांना साखर वर्ज्य, शेजारच्या काकू अंड्याचा केक खात नाहीत, आणि मार्गशीर्षातला गुरुवार नेमका त्याच दिवशी आला तर त्यांचा उपास. सगळ्यांनी निःशंक हात घालावा असं त्या टेबलावर एकच भांडं असू शकतं, ते म्हणजे ताज्या फळांचं ताट. ते नीट, स्वच्छ आणि खिशाला झेपेल असं मी बरीच वर्षं करत आलेय. त्याचाच हा हिशोब.

भाव सांगते ते मुंबईच्या उपनगरांतल्या किरकोळ बाजाराचे, गोल आकड्यात धरलेले. तुमच्या बाजारात दहा-वीस रुपये इकडेतिकडे होतील, म्हणून आकड्यांपेक्षा रीत लक्षात ठेवा. फळाचा किलोचा भाव हा खरा भाव नसतो. सालं, बिया, देठ आणि गाभा काढल्यावर ताटात जे उरतं, त्याचा भाव खरा.

पपई पन्नास रुपये किलो धरा. साल आणि बिया गेल्यावर शंभरातला सुमारे सत्तर भाग उरतो, म्हणजे खाण्याजोगी पपई पडली ७१ रुपये किलो. पेरू ऐंशी रुपये किलो, पण त्यात फेकायचं जवळपास काहीच नाही. देठ आणि बुडखा गेला तरी पंच्याण्णव टक्के उरतो, म्हणून तो ८४ रुपयांतच बसतो. संत्रंही ऐंशी रुपये किलो, पण साल, शिरा आणि बिया धरता ११४ ला जातं. दीड किलोचा अननस ऐंशी रुपयांना आणला की हातात जेमतेम सातशे ग्रॅम येतो, तोही ११४ च्या घरात. डाळिंब दोनशे रुपये किलो असेल तर दाणे ३६४ रुपये किलो पडतात. डिसेंबरात स्ट्रॉबेरीची पाव किलोची डबी शंभर रुपयांना धरली तर ती ४२१ रुपये. आणि तीन किवींची डबी एकशेवीसला घेतली की साल काढल्यावर किवी साडेपाचशे रुपये किलोच्या पुढे जाते. पेरू आणि किवी शेजारी ठेवून पाहा. क जीवनसत्त्व पेरूत किवीपेक्षाही जास्त असतं, आणि डिसेंबर हा पेरूचा स्वतःचा महिना. आपल्या बाजारात सरदार नावाचा जो पेरू मिळतो, त्याला एल-४९ किंवा लखनौ-४९ म्हणतात. नावात लखनौ असलं तरी ती निवड पुण्याच्या गणेशखिंडीतली आहे, हे मला दर वेळी पेरू चिरताना आठवतं.

आता वीस माणसांचं ताट. गोडधोड आणि जेवण असताना माणशी दीडशे ग्रॅम कापलेलं फळ पुरतं. म्हणजे तीन किलो, थोडं वर. सव्वा किलोच्या आसपासची एक पपई, ६० रुपये. एक अननस, ८०. पेरू सातशे ग्रॅम, ५६. नागपुरी संत्री एक किलो, ८०. स्ट्रॉबेरीची एकच डबी, १००. पाव किलोचं एक डाळिंब, ५०. झाले ४२६ रुपये, आणि सालं-बिया वगळून जवळजवळ सव्वातीन किलो फळ. त्यात चार लिंबं वीस रुपयांची, पुदिन्याची जुडी दहाची, फोडी उचलायला दातकोरण्या वीसच्या आणि दोन-तीन कमरखं वीसची. सगळं मिळून ४९६. माणशी पंचवीस रुपयांच्या आत. घरच्या वाडीतली वेलची केळी असतील तर एक फणी मधोमध आख्खी ठेवा. केळी कापू नका, ती काळी पडतात आणि लिबलिबीत होतात.

याच ताटात वरच्या फळांऐवजी स्ट्रॉबेरीच्या तीन डब्या, किवीच्या दोन, परदेशी ब्लूबेरीची छोटी डबी, परदेशी लाल द्राक्षं अर्धा किलो आणि आयात केलेली सफरचंदं एक किलो घातली तर मी धरलेल्या भावांनी बिल बाराशेच्या वर जातं आणि फळ मिळतं पावणेतीन किलोसुद्धा नाही. ते ताट फोटोत चांगलं दिसतं. पण डिसेंबरात आपल्या मातीतलं फळ ऐन भरात असताना दूरच्या शीतगृहातून आलेलं, चवीला फिकं फळ जास्त पैसे देऊन का खायचं, हे मला कळत नाही.

स्ट्रॉबेरीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नाताळ म्हटलं की सगळ्यांना तीच आठवते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा हंगाम नोव्हेंबरअखेर सुरू होतो, पण माल भरपूर येतो तो जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणून नाताळात ती महाग असते आणि नवीन वर्षात तीच स्वस्त होते. ताटात ती रंगापुरती, एक डबी पुरे. घेताना डबी उलटी करून बघा. ‘दादा, जरा उलटी करते हं,’ असं सांगून बघितलं तर कुणी नाही म्हणत नाही. वरच्या थरात मोठी फळं आणि खाली बोटाएवढी, ही नेहमीची गोष्ट. तळाला लाल रसाचा डाग असेल तर खालची फळं ठेचली गेलेली आहेत. देठाजवळ पांढरी असेल तर ती कच्ची तोडलेली, आणि स्ट्रॉबेरी तोडल्यावर आणखी गोड होत नाही. एका वर्षी मी स्वस्त मिळाल्या म्हणून २२ तारखेलाच चार डब्या आणल्या आणि घरी आल्या आल्या धुऊन फ्रिजमध्ये ठेवल्या. नाताळच्या सकाळी दोन डब्यांत पांढरी बुरशी होती. ओल्या स्ट्रॉबेरीला बुरशी लवकर धरते. ती खायच्या आधीच धुवायची, आणि देठ धुऊन झाल्यावरच काढायचे, नाहीतर पाणी आत शिरतं.

खरेदी कधी करायची, हेही यावरूनच ठरतं. काही फळं झाडावरून उतरल्यावर पिकतात, काही पिकत नाहीत. पपई, चिकू, पेरू, केळी घरी आणून पिकवता येतात. म्हणून पपई हिरव्यावर पिवळ्या रेघा असलेली २२ तारखेला घ्यावी आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावी. चिकू घालायचे असतील तर तेही त्याच दिवशी आणा. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये मानांकन मिळालंय आणि पालघर जिल्ह्यात तो हाताशी असतो. अननस, संत्रं, द्राक्षं, डाळिंब आणि स्ट्रॉबेरी मात्र आणली तशीच राहतात. अननस नुसता रंग बदलतो, गोडी वाढत नाही. त्याचं बूड हुंगून घ्या. वास आला तर तो तयार आहे. आंबूस वास आला तर तो उतरलाय. संत्री आठवडाभर टिकतात, ती आधीच घेऊन टाकायची.

आधी घ्यायचं आणखी एक कारण आहे. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला पाच फळं लागतात, त्यामुळे त्या महिन्यातल्या बुधवारी बाजारात भाव चढलेला असतो. त्यात २३-२४ डिसेंबरची नाताळची गर्दी मिसळली की फळवाला भावात एक रुपया सोडत नाही. दिनदर्शिका बघा आणि बुधवार टाळून सोमवार-मंगळवारी जा. वाशीच्या घाऊक बाजारात भाव उतरलेला मिळतो, पण तिथे माल पेटीने घ्यावा लागतो. चार-पाच घरांनी वाटून घेतला तरच गाडीभाडं सुटतं.

संत्र्याच्या नावाखाली डिसेंबरात किनोही विकला जातो. पंजाब-राजस्थानकडचं हे फळ रसाला उत्तम असतं, पण ताटाला नाही. त्याची साल घट्ट, तुकतुकीत असते आणि आत बिया भरपूर. नागपुरी संत्र्याची साल सैल, थोडी खडबडीत, अंगठा घातला की सुटते. ताटात फोडी मोकळ्या करायच्या असल्यामुळे हा फरक पैशातला फरक आहे. द्राक्षांचंही तसंच. नाशिकचा खरा हंगाम जानेवारीनंतरचा. डिसेंबरात येतात ती बागलाणकडची आगाप छाटणीची, महाग आणि बरेचदा आंबट. एक मणी मागून खा, मगच ठरवा. घेतलीच तर लहान मुलांसाठी प्रत्येक द्राक्ष उभं चिरा, गोल मणी चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो.

काट्याकडे लक्ष ठेवा. जाड पिशवी किंवा प्लास्टिकची टोपली फळाबरोबर तोलली जाते आणि तिचे पैसे आपण फळाच्या भावाने देतो. रिकामी टोपली ठेवून काटा शून्यावर आणायला सांगा. काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा मुदतीतला शिक्का असायला हवा, आणि बंद डबीवर निव्वळ वजन आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असायला हवी. नसेल तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवण्यावर बंदी आहे, इथिलीन वायूने मर्यादेत पिकवायला परवानगी आहे. बाहेरून एकसारखी पिवळीजर्द आणि आतून कडक अशी पपई घेऊ नका, अर्धकच्ची आणून घरी पिकवा.

आता कापणं, आणि इथे मी अजिबात सवलत देत नाही. ज्या फळीवर सकाळी मटण कापलं, तिच्यावर संध्याकाळी पपई कापायची नाही. त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात दोन फळ्या आणि दोन सुऱ्या वेगळ्या असतात, आणि काकूंचा उपास असेल तर त्यांचं ताट मी सगळ्यांत आधी, कोरड्या स्वच्छ फळीवर कापते. सालीसकट फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, साल काढायची असली तरी. सुरी सालीवरून आत जाते आणि तिथली घाण गरापर्यंत नेते. बाजारात अननस सोलून, कापून देतात. वेळ वाचतो, पण ती सुरी कितीदा धुतली जाते ते उभं राहून बघा. मी अननस आख्खाच आणते.

कापायचा क्रम असा. आधी अननस, मग संत्र्याच्या फोडी, दोन्ही फ्रिजमध्ये झाकून. पपई नंतर. पेरू शेवटी. पेरू आणि सफरचंद काळं पडू नये म्हणून एक लिटर थंड पाण्यात दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालून फोडी तीन-चार मिनिटं बुडवा आणि निथळून पुसा. अननसाच्या उरलेल्या रसातही हे काम होतं. मीठ किंवा चाट मसाला ताटावर भुरभुरू नका, पाणी सुटून सगळं ओलंचिंब होतं. वाटीत वेगळा ठेवा.

मांडणी साधी हवी. गोल परात घ्या, कडेने पेरूच्या हिरवट फोडी आणि पुदिना लावा, मधे पपई आणि अननस, वरून डाळिंबाचे दाणे आणि अर्ध्या केलेल्या स्ट्रॉबेरी. हिरवं-तांबडं वर्तुळ तयार होतं, नाताळच्या पुष्पचक्रासारखं. सफरचंदावर गाजर उभं करून दातकोरण्यांनी फळं टोचायचं झाड मी करत नाही. मुलांच्या गर्दीत त्या काड्या तोंडात जाण्याची भीती वाटते. कमरखाची, म्हणजे गोव्याकडच्या करमलाची, आडवी चकती कापली की पाच टोकांचा तारा मिळतो. बेथलेहेमचा तारा ताटात ठेवल्यासारखं होतं. पण ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी कमरख अजिबात खाऊ नये, त्याने जिवाला धोका होतो. मी त्या चकत्या वेगळ्या बशीत ठेवते आणि येणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्याला तोंडाने सांगते.

बाहेरून तयार ताट मागवायचं असेल तर किमतीआधी तीन गोष्टी विचारा: कापलेल्या फळाचं वजन किती, कधी कापणार, आणि थंड डब्यातून येणार का. वजन सांगत नसतील तर बहुतेक वेळा तळाला कलिंगड असतं. किंमत भागिले वजन केलं की वरच्या आकड्यांशी लगेच ताडून बघता येतं.

सगळं फळ एकदम बाहेर काढू नका. अर्धं परातीत, अर्धं फ्रिजमध्ये झाकून. कापलेलं फळ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, पाहुणे रेंगाळले तर परातीखाली बर्फाची थाळी सरकवा. दोन तास बाहेर राहिलेलं परत फ्रिजमध्ये ठेवत नाही आम्ही. फ्रिजमधलं उरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी संपवतो. अननसाचा मधला कडक गाभा मात्र कधीच टाकत नाही. तो दोन कप पाण्यात अर्धी वाटी साखर आणि आल्याचा तुकडा घालून उकळायचा, गाळायचा, वर एक लिंबू पिळायचं आणि थंड पाणी घालून वाढवायचं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी घर आवरायला आलेल्या चार माणसांना सरबत होतं.