ज्याला कमी, त्याला थोडे अधिक



घरात चार मुले असली आणि त्यातले एक नुकतेच आजारातून उठलेले असले, तर आई त्याच्या भातावर तुपाची धार थोडी जास्त धरते. इतर तिघांवर तो अन्याय होत नाही. हीच समज सरकारी योजनेत उतरली तर काय होते, हे पाहण्यासाठी आज आपण इंग्लंडमधील एका योजनेचा अभ्यास करू या.

योजना काय आहे?

इंग्लंडमध्ये तीन व चार वर्षांच्या सर्व मुलांना बालवाडीत किंवा पाळणाघरात आठवड्याचे १५ तास, वर्षातील ३८ आठवडे, म्हणजे एकूण ५७० तास सरकारी खर्चाने मिळतात. एप्रिल २०१५ मध्ये याला एक जोड मिळाली. तिचे नाव ‘अर्ली इयर्स प्युपिल प्रीमियम’. सरकारी साहाय्यावर जगणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या घरातील मुलामागे, तसेच आईवडिलांपासून दूर सरकारी देखरेखीखाली वाढणाऱ्या मुलामागे केंद्राला तासाला ५३ पेन्स, म्हणजे वर्षाला सुमारे ३०२ पौंड जादा मिळू लागले. एप्रिल २०२४ पासून नऊ महिन्यांच्या बाळांपर्यंत योजना पोहोचली आणि एप्रिल २०२५ मध्ये दर तासाला १ पौंड, म्हणजे वर्षाला ५७० पौंडांपर्यंत गेला.

तरीही एक गोष्ट खटकते. प्राथमिक शाळेतील अशाच मुलामागे २०२५-२६ साठी १,५१५ पौंड ठरले होते. पाया भरण्याच्या वयात कमी आणि भिंती उभ्या राहू लागल्यावर जास्त, असा हा हिशेब आहे. म्हणूनच हाती आलेला प्रत्येक पौंड नीट खर्च होणे महत्त्वाचे ठरते.

पैसा कोठे लावावा?

हा पैसा पालकांना मिळत नाही, केंद्राला मिळतो. तो कसा वापरायचा हे केंद्रानेच ठरवायचे असते. मात्र त्याचा मुलांना काय लाभ झाला, हे ‘ऑफस्टेड’ या तपासणी संस्थेचे निरीक्षक विचारू शकतात.

नवी खेळणी घेणे सर्वांत सोपे. ती दिसतात, त्यांचा फोटोही छान येतो. परंतु ज्या मुलाच्या कानावर घरी फारसे बोलणे पडत नाही, त्याला खेळण्यापेक्षा बोलणारे माणूस हवे असते. तेथील ‘एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन’ ही संस्था शिक्षिकांना चार साध्या पायऱ्या सांगते: मूल जे पाहते ते आपणही पाहावे, त्याला प्रतिसाद द्यावा, त्याच्या शब्दात भर घालावी आणि संवाद पुढे न्यावा. मूल ‘पाणी’ म्हणाले, तर शिक्षिकेने म्हणावे, ‘हो, थंडगार पाणी सांडलं! आता ते कुठे गेलं बरं?’ आणि मग उत्तरासाठी थांबावे. हे थांबणेही शिकावे लागते. म्हणून शिक्षिकांच्या प्रशिक्षणावर केलेला खर्च वाया जात नाही. पात्र मुले चार असली, तर त्यांचे पैसे एकत्र करून लहान गटासाठी अधिक वेळ देणारी मदतनीसही ठेवता येते. गटात इतर मुलेही बसली, तर कोणावर ‘गरीब’ असा शिक्का बसत नाही.

पालकांनी काय करावे?

पालकांनी केंद्रात एक छोटा अर्ज भरून जन्मतारीख व राष्ट्रीय विमा क्रमांक द्यायचा असतो. त्यामुळे त्यांना मिळणारे सरकारी साहाय्य कमी होत नाही. पण संकोचापोटी अर्ज राहिला, तर केंद्राला पैसे मिळत नाहीत आणि नुकसान मुलाचे होते. आपले कोणी नातलग लहान मुलांसह तिकडे राहत असतील, तर ‘आम्ही या योजनेत बसतो का?’ एवढे केंद्रात विचारायला त्यांना अवश्य सांगावे.

मदत किती दिली, एवढे मोजून काम पूर्ण होत नाही. मुलाला नेमके काय कमी पडते, ते आधी पाहावे. त्यासाठीच पैसा लावावा. काही महिन्यांनी मूल किती पुढे गेले, हे पुन्हा पाहावे. ही तिसरी पायरी बहुधा राहून जाते.

विचारासाठी प्रश्न

१. सर्वांना सारखे देणे आणि गरजेप्रमाणे देणे यांत फरक कोणता?
२. लहान मुलांसाठी वस्तू देताना त्यांच्या शिक्षिकेला आपण आधी काही विचारतो का?
३. मदत घेणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून आपण काय करू शकतो?