दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या

गेवराईतले एक निवृत्त मास्तर हल्ली ओळखीच्या कुणाला काचबिंदू निघाला की त्याला डोळ्यांबद्दल आधी काही विचारत नाहीत. बीपीची गोळी कधी घेता, हा त्यांचा पहिला प्रश्न. समोरचा गोंधळतो, आणि मास्तरांची शिकवणी सुरू होते.

मास्तरांना काचबिंदू होता आणि थेंब नियमित चालू होते. दर तपासणीत डोळ्याचा दाब १५-१६ भरायचा. १० ते २१ ही सर्वसाधारण पातळी, म्हणजे तक्रारीला जागा नाही. तरी दृष्टिक्षेत्राच्या चाचणीत काळे डाग वाढत चालले. रस्ता ओलांडताना डावीकडची मोटारसायकल अंगावर येईपर्यंत दिसेना. दरम्यान बीपीच्या डॉक्टरांनी आकडा चढा दिसला म्हणून झोपतानाची एक गोळी वाढवली होती. त्यांना थेंबांची कल्पना नव्हती, डोळ्याच्या डॉक्टरांना गोळीची. पहाटे लघवीला उठलं की भिंत धरावी लागे. ते मास्तरांनी वयाच्या खात्यावर टाकलं. शेवटी छत्रपती संभाजीनगरला एका डॉक्टरांनी चोवीस तास बीपी मोजणारं यंत्र दंडाला बांधलं. दिवसा १३०च्या घरातला वरचा आकडा पहाटे नव्वदीत उतरत होता आणि खालचा पन्नाशीत.

डोळ्याच्या मागच्या नसेपर्यंत रक्त पोहोचायचं तर त्याला डोळ्यातल्या दाबावर मात करावी लागते. दोन्ही दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच मोजतात, म्हणून ढोबळ वजाबाकी करता येते. बीपीचा खालचा आकडा ८० आणि डोळ्याचा दाब १६ असेल, तर बाकी ६४. पहाटे खालचा आकडा ५२ झाला आणि आडवं झोपल्यामुळे डोळ्याचा दाब २०वर गेला, तर बाकी ३२. ही बाकी फार खाली गेलेल्यांमध्ये काचबिंदूचं प्रमाण सुमारे सहापट असल्याचं अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या पाहणीत दिसलं. तो अहवाल १९९५चा. पंजाबात जन्मलेले आणि आयोवा विद्यापीठात काम करणारे डॉ. सोहन सिंग हयरेह यांनी त्याच्या आदल्याच वर्षी, रात्री घसरणारं बीपी डोळ्याच्या नसेला धोक्याचं ठरू शकतं, असं बजावलं होतं.

लोकांची समजूत मात्र उलटी: बीपी वाढलं की डोळ्याचा दाब वाढतो, म्हणून बीपी जितकं खाली तितकं बरं. यातला पहिला भाग खरा आहे, पण परिणाम किरकोळ. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर बीपीचा वरचा आकडा १० ने चढल्यावर डोळ्याचा दाब जेमतेम पाव मिलिमीटरने वाढतो. आपल्याकडे नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांच्या चमूने ४,७११ जणांचे डोळे तपासले, तेव्हाही बीपी आणि डोळ्याचा दाब यांचं नातं दिसलं होतं. पण काचबिंदू आधीच असलेल्या माणसाने बीपी गरजेपेक्षा खाली नेलं, तर पहाटेची बाकी घटते.

म्हणून गोळी बंद करायची का? अजिबात नाही. इथे मास्तर आवाज चढवतात, आणि बरोबरच आहे. वाढलेल्या बीपीने लकवा मारला तर वाचलेली नजर काय कामाची? प्रश्न वेळेचा आणि मात्रेचा आहे. ब्रिटनमध्ये २१,१०४ रुग्णांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टाइम’ अभ्यासात गोळी सकाळी घेतली काय नि संध्याकाळी घेतली काय, हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्यात फरक पडला नाही. मग काचबिंदूवाल्याने झोपतानाची गोळी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. मास्तरांच्या डॉक्टरांनी तसाच बदल केला. गेलेली नजर परत आली नाही, ती येतही नसते. पण पुढचे डाग थांबले.

दुसरी गफलत थेंबांची. टिमोलॉलचा थेंब डोळ्यातून नाकात आणि तिथून रक्तात उतरतो. अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलची गोळी चालू असेल तर ही त्याच जातीची आणखी एक मात्रा: नाडी मंदावते, बीपी पडतं, दमा असेल तर श्वास अडकतो. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोनेक मिनिटं बोटाने दाबून धरला तर औषध रक्तात कमी जातं. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मास्तर आता एकाच पिशवीत ठेवतात आणि दोघांपुढेही दोन्ही ठेवतात.

त्यांना खरी काळजी वाटते ती ऊसतोडीला जाणाऱ्यांची. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते आणि उन्हाळ्यात परतते. मधल्या काळात थेंबांची बाटली संपते, बीपीची गोळी सुटते. त्यात मोतीबिंदूसारखा काचबिंदूही पिकला की काढून टाकू, असं समजून थांबणारे पुष्कळ. निघण्याआधी संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकलला जाऊन हंगामभराचं औषध लिहून घ्यावं. फोडलेली बाटली साधारण चार आठवडेच वापरायची, त्या हिशेबाने बाटल्या घ्याव्यात. चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये असला की कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही औषध मागता येतं. आणि काचबिंदू असलेल्याच्या चाळिशी ओलांडलेल्या सख्ख्या भावाबहिणींनी आपलेही डोळे तपासून घ्यावेत, कारण काचबिंदू घराण्यात चालतो.