राज्यशास्त्रातली परदेशी पीएच.डी.: आधी प्रश्न, मग अर्ज

मुलीने अमेरिकेत राज्यशास्त्रात पीएच.डी. करायची म्हटलं की घरात पहिला हिशेब पैशांचा होतो. नात्यातला कुणीतरी एम.एस.साठी काढलेलं कर्ज अजून फेडत असतो, त्यामुळे धास्ती स्वाभाविकच आहे. म्हणून पालकांना आधी एक गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या चांगल्या विभागांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला, तो परदेशी असला तरी, साधारण पाच वर्षं शुल्कमाफी, आरोग्य विमा आणि स्टायपेंड मिळतो. स्टायपेंड विद्यापीठ आणि शहर यांनुसार वर्षाला साधारण ३० ते ५० हजार डॉलर असतो. त्या बदल्यात विद्यार्थी प्राध्यापकांच्या अध्यापनात किंवा संशोधनात साहाय्यक म्हणून काम करतो. घर गहाण टाकून करायची ही पदवी नव्हे. प्रवेशाचं पत्र आलं आणि त्यात निधीची लेखी हमी नसेल, तर विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो, तो प्रवेश नाकारावा असं माझं स्पष्ट मत आहे.

विभाग एकेका विद्यार्थ्यावर एवढा खर्च करतो, म्हणून जागा थोड्या असतात. नामांकित विभागांतही वर्षाला पंधरा-वीस जण घेतले जातात आणि अर्ज शेकड्यांनी येतात. निवड त्या विभागातले प्राध्यापकच करतात. ही व्यक्ती पाच-सहा वर्षांत स्वतःचं संशोधन उभं करू शकेल का, एवढंच त्यांना पाहायचं असतं. आपली हुशार मुलं इथेच मागे पडतात. ती गुणपत्रिका, सुवर्णपदक, वक्तृत्वाची बक्षिसं आणि यूपीएससीची तयारी यांवर भर देतात. गुण चांगले हवेतच, पण तेवढ्याने काम होत नाही. तुमच्याजवळ स्वतःचा प्रश्न हवा.

प्रश्न म्हणजे काय, हे मुंबईच्याच उदाहरणाने सांगते. महापालिकेत महिलांसाठी राखीव वॉर्ड सोडतीने ठरतात आणि पुढच्या निवडणुकीत ते आरक्षण उठू शकतं. राजकीय अभ्यासक रिखिल भवनानी यांनी विचारलं की आरक्षण उठल्यावर तिथे महिला निवडून येतात का? १९९७ साली राखीव असलेले आणि २००२ साली खुले झालेले वॉर्ड त्यांनी दोन्ही वेळा खुल्या असलेल्या वॉर्डांशी ताडून पाहिले. राखीव वॉर्ड सोडतीने ठरलेले असल्यामुळे ही तुलना विश्वासार्ह होती. आधी राखीव असलेल्या वॉर्डांत महिला जिंकण्याची शक्यता जवळपास पाचपट निघाली. हा लेख २००९ साली अमेरिकेतल्या या विषयाच्या सर्वांत मानाच्या नियतकालिकात आला. सोडतीच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. त्यांनी त्यात प्रश्न पाहिला, आणि उत्तर तपासायची रीतही शोधली.

भारत-चीन संबंध किंवा नवी जागतिक व्यवस्था असाच विषय हवा, असं आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना वाटतं. तशी सक्ती कुठेही नाही. मेरी कॅट्झेनस्टाईन यांनी १९७९ साली शिवसेनेवर पुस्तक लिहिलं. बी. एस. बाविस्कर समाजशास्त्रज्ञ होते, पण सहकारी साखर कारखान्यांच्या राजकारणावरचा त्यांचा ग्रंथ राज्यशास्त्राचे विद्यार्थी आजही वाचतात. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ साली तिथल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. तुमच्या तालुक्यातली बाजार समिती, आरक्षणाची आंदोलनं, पाणीवाटप संस्था, ग्रामसभेत कोण बोलतं आणि कोण गप्प बसतं, यातून मोठे प्रश्न निघू शकतात. मराठी कागदपत्रं वाचता येणं आणि लोकांशी त्यांच्या भाषेत बोलता येणं हे तुमचं खरं बळ आहे. अर्जात ते ठळकपणे लिहा.

हा प्रश्न उद्देशपत्रात, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, पहिल्याच परिच्छेदात दिसला पाहिजे. लहानपणापासून राजकारणाची आवड होती, अशी सुरुवात नको. दीड-दोन पानांत तुमचा प्रश्न, त्यावर इतरांनी काय म्हटलंय, तुम्हाला त्यात काय अपुरं वाटतं आणि या विभागातल्या कोणत्या प्राध्यापकांचं काम त्याच्याशी जुळतं, एवढं यायला हवं. भारतीय राजकारणावर काम करणारा विद्यार्थी तिकडे बहुधा तुलनात्मक राजकारण या उपशाखेत मोडतो. आंतरराष्ट्रीय संबंध, राजकीय सिद्धांत, अमेरिकन राजकारण आणि संशोधनपद्धती या इतर शाखा. बहुतेक विभागांत पहिल्या दोन वर्षांत संख्याशास्त्र शिकावं लागतं. दहावीनंतर गणित सोडलेल्यांनी घाबरू नये, पण अर्जाच्या आधीच्या वर्षी प्राथमिक संख्याशास्त्र आणि ‘आर’ ही संगणकभाषा शिकायला घ्यावी. सिद्धांताकडे जाणाऱ्यांना याची गरज कमी.

सर्वांत जास्त मेहनत लेखन-नमुन्यावर करावी. वीस-तीस पानांचा, स्वतःचा युक्तिवाद असलेला निबंध मागितला जातो. आपल्याकडचे एम.ए.चे प्रबंध पुष्कळदा दुसऱ्यांच्या पुस्तकांचा गोषवारा असतात. असा प्रबंध तसाच पाठवू नका. त्यातलं एक प्रकरण निवडा, नवी माहिती गोळा करा आणि सहा-आठ महिने पुन्हा पुन्हा लिहा.

शिफारसपत्रं बहुधा तीन लागतात. तुमचं लेखन ज्यांनी वाचलंय अशाच शिक्षकांकडे ती मागा. ओळखीतले आमदार, सनदी अधिकारी किंवा तुम्हाला कधीच न शिकवलेले प्राचार्य यांच्या पत्रांना तिथे वजन नसतं. शिक्षकांना निदान दोन महिने आधी विचारा आणि निबंध व उद्देशपत्राचा मसुदा त्यांच्या हाती द्या. विद्यार्थिनी प्रामाणिक आणि कष्टाळू आहे, एवढ्या दोन ओळींनी काही साधत नाही. तिने वर्गात कोणता मुद्दा मांडला, निबंधात काय नवं केलं, हे त्यांना लिहिता आलं पाहिजे. पत्र गोपनीय असतं आणि शिक्षकच ते थेट संकेतस्थळावर चढवतात, तेव्हा पालकांनी त्याची प्रत मागू नये.

परीक्षांचं ओझं आता कमी झालंय. २०२० नंतर अनेक विभागांनी जीआरई ऐच्छिक केली किंवा बंद केली. इंग्रजी माध्यमातून पदवी घेतलेल्यांना काही ठिकाणी टोफेलमधूनही सूट मिळते. तीन वर्षांची बी.ए. सगळीकडे चालतेच असं नाही. म्हणून एम.ए. असलेलं बरं. अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरात संपते, निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतात आणि निधीसह प्रवेश मिळालेल्यांना निर्णय कळवायला सहसा १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. एका अर्जाचं शुल्क ७५ ते १२५ डॉलरच्या आसपास, म्हणजे दहा अर्जांचा खर्च लाखाच्या घरात जातो. शुल्कमाफी मिळते का, हे विभागाला बेधडक विचारा. यासाठी एजंट नेमण्याची काहीच गरज नाही, आणि पैसे देऊन उद्देशपत्र लिहून घेणं तर सरळ फसवणूक आहे.

ब्रिटनमध्ये पद्धत निराळी आहे. तिथे एम.ए. झालेली लागते, संशोधनाचा आराखडा आधीच द्यावा लागतो, पदवी तीन-चार वर्षांची असते आणि प्रवेश मिळाला तरी पैशांची सोय वेगळी करावी लागते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीही आहे, पण २०२२ साली तिच्या नियमांतून भारताच्या संस्कृती, इतिहास आणि समाजावरचे संशोधनविषय वगळले गेले. त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवण्याआधी चालू वर्षाचे नियम नीट वाचा.

आता अवघड भाग. अमेरिकेत ही पदवी पूर्ण व्हायला सहा-सात वर्षं लागतात आणि तिथे कायम प्राध्यापकीच्या जागा पीएच.डी. होणाऱ्यांपेक्षा कमी आहेत. २०२५ मध्ये काही विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागाही घटवल्या, आणि विद्यार्थी व्हिसासाठी समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जाऊ लागलं. परतीची वाट मात्र बंद नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार, मान्य जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत असलेल्या परदेशी विद्यापीठाची पीएच.डी. असेल, तर साहाय्यक प्राध्यापकपदासाठी नेटची अट लागत नाही. याशिवाय संशोधन संस्था, धोरण-अभ्यास, पत्रकारिता, निवडणूक सर्वेक्षणं अशी कामंही आहेत.

पालकांना एक विनंती. मुलगी तिशीत पोहोचेपर्यंत शिकत राहील, याची तयारी ठेवा आणि त्या काळात लग्नाचा तगादा लावू नका. संशोधनाची मधली वर्षं एकटेपणाची असतात, तेव्हा फोनवर घरून दडपण नको, आधार हवा. आणि विद्यार्थ्यांनो, डिसेंबरमध्ये अर्ज करायचा असेल तर त्याच वर्षीच्या जानेवारीत निबंध लिहायला बसा. पहिल्या वर्षी सगळीकडून नकार आला तर त्याच विभागांकडे पुढच्या वर्षी बहुधा पुन्हा अर्ज करता येतो. मात्र तेव्हा निबंध आधीपेक्षा चांगला झालेला हवा.