व्यवसायशोधासाठी माहितीपर मुलाखत

उद्दिष्टे : या उपघटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला माहितीपर मुलाखतीचे स्वरूप सांगता येईल, तसेच अशा मुलाखतीसाठी प्रश्नावली तयार करता येईल.

१. स्वरूप

नोकरीच्या मुलाखतीत संस्था उमेदवाराची पारख करते. माहितीपर मुलाखतीत विद्यार्थी व्यवसायाची पारख करतो. येथे नोकरी मागायची नसते, तर ते काम रोज करणाऱ्या व्यक्तीकडून कामाचे खरे रूप समजून घ्यायचे असते. अमेरिकेतील रिचर्ड बोल्स यांच्या १९७० साली प्रथम निघालेल्या 'व्हॉट कलर इज युवर पॅराशूट?' या पुस्तकातून ही पद्धत लोकप्रिय झाली. एखाद्या अभ्यासक्रमाच्या शुल्कावर घरची जमापुंजी खर्च करण्यापूर्वी अशा दोन-तीन भेटी घेणे हिताचे ठरते.

२. कोणाला भेटावे?

'मराठी घेऊन बी.ए. केले, म्हणजे शिक्षकच व्हायचे' हा समज अपुरा आहे. नंदुरबार जिल्ह्यातील खापर येथील विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. अक्कलकुवा तालुक्यातील हे गाव गुजरातच्या सीमेजवळ आहे. घरी भिली बोली, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती-हिंदी, असा भाषाव्यवहार या परिसरातील अनेकांच्या अंगवळणी पडलेला असतो. हे भांडवलच होय. मात्र त्याचे मोल कोणत्या कामात होते, हे पाठ्यपुस्तकातून कळत नाही. आश्रमशाळेतील शिक्षक मुलांना बोलीकडून मराठीकडे कसे नेतात, आरोग्यसेविका रुग्णाची तक्रार मराठी नोंदवहीत कशी उतरवते, वार्ताहर पाड्यावरील घटना बातमीत कशी मांडतो, हे तेच सांगू शकतात. शासकीय अनुवादकासारखी दूरची व्यक्ती असल्यास दूरध्वनीवरून बोलता येईल.

३. प्रश्नांची भाषा

प्रश्नाची रचना उत्तराचा आवाका ठरवते. 'काम चांगले आहे का?' या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर पुरते. 'कालचा कामाचा दिवस कसा गेला?' असे विचारल्यास काम उलगडू लागते. 'तुम्हाला पगार किती?' हा प्रश्न संकोचात टाकतो; 'या कामात नव्याने येणाऱ्याला साधारण किती मिळते?' असे विचारल्यास माहिती मिळते आणि मर्यादाही राखली जाते. समोरची व्यक्ती आपल्याच बोलीची असेल, तर बोलीत बोलावे. औपचारिक मराठीत गाळली जाणारी अडचण बोलीत सहज सांगितली जाते.

४. कार्यपद्धती

आधी वेळ मागून घ्यावी आणि २० मिनिटांत बोलणे आटोपावे. त्याच दिवशी टिपण लिहावे. निघताना 'आणखी कोणाला भेटू?' असे विचारून आभार मानावेत. एकाचा अनुभव म्हणजे संपूर्ण व्यवसाय नव्हे. म्हणून एकाच क्षेत्रातील किमान तिघांची उत्तरे ताडून पाहावीत. हे काम आपल्यासाठी नाही असे त्यातून कळले, तरी मुलाखत सफल झाली असे समजावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. नोकरीची मुलाखत व माहितीपर मुलाखत यांतील फरक स्पष्ट करा.
२. तुमच्या परिसरातील एक व्यवसाय निवडून पाच प्रश्न लिहा. त्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर केवळ 'हो' किंवा 'नाही' असे देता येऊ नये.