कॅमशाफ्टची निवड : गिऱ्हाइकाची हौस आणि कारागिराचे माप

गॅरेजच्या धंद्यात असलेल्या बंधूंना हा अनुभव नवा नाही. गिऱ्हाईक येते, गाडीवर पैसा खर्च करण्याची त्याची तयारी असते आणि पहिल्याच वाक्यात ते सांगते, ‘‘सगळ्यात मोठा कॅम टाका.’’ आयडलिंगला इंजिन धडधडले पाहिजे, ऐकणाऱ्याने वळून पाहिले पाहिजे, एवढीच त्याची कल्पना असते. कारागीर मोठा कॅम टाकतो, पैसे घेतो, आणि महिन्याभरात तेच गिऱ्हाईक गाडी घेऊन परत येते. पिकअप गेले, एसी लावला की इंजिन बंद पडते, पेट्रोल दुप्पट पिते. दोष कॅमचा नसतो, निवडीचा असतो.

आमच्या कोकणातील आणि मराठवाड्यातील कितीतरी मेकॅनिक बंधू आखाती देशांत गॅरेजमध्ये काम करतात. तिकडे अमेरिकन व्ही-८ गाड्यांचा शौक मोठा आहे आणि बहरीन, कतारसारख्या ठिकाणी ड्रॅग रेसिंगच्या रीतसर धावपट्ट्या आहेत. ड्रॅग रेस म्हणजे जागेवरून सुटून पाव मैल, अर्थात ४०२ मीटर, सरळ पळणे. अमेरिकेत १९५१ साली वॅली पार्क्स यांनी एनएचआरए ही संस्था काढून या खेळाला रस्त्यावरून मैदानात आणले. हा खेळ मैदानातच शोभतो हे आम्ही सुरुवातीलाच सांगतो. आपल्याकडे सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे गुन्हा आहे, आणि गाडीत मूळ बनावटीपेक्षा वेगळा फेरफार करण्यावर कलम ५२ चे बंधन आहे. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून ठेवावे.

उदाहरणासाठी आम्ही शेवरोलेचे ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिन घेतो. १९५५ साली २६५ घन इंचांचे म्हणून हे इंजिन निघाले आणि १९६७ मध्ये त्याचा ३५० घन इंचांचा, म्हणजे ५.७ लिटरचा, अवतार आला. या इंजिनाइतके सुटे भाग आणि कॅम दुसऱ्या कोणत्याही इंजिनासाठी क्वचितच मिळत असतील. यात एकच कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये क्रँकच्या वर बसतो आणि त्यावरचे सोळा लोब टॅपेट, पुशरॉड व रॉकरच्या मार्गाने सोळा व्हॉल्व्ह उघडतात. क्रँक दोन वेळा फिरला की कॅम एकदा फिरतो. ज्याने बुलेटचे टायमिंग कव्हर उघडले आहे त्याला तत्त्व नवीन नाही. फरक एवढाच की जुन्या बुलेटमध्ये सक्शन आणि एक्झॉस्टचे कॅम वेगवेगळे असत, इथे सगळे एकाच दांड्यावर घासून काढलेले असतात.

कॅमबरोबर एक कार्ड येते. पुष्कळ कारागीर ते डब्याबरोबर फेकून देतात. तसे करू नये, कारण सगळी विद्या त्या कार्डावर आहे.

कार्डावर पहिला आकडा लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो त्याचा. समजा लोबची उंची ०.३२० इंच आहे. या इंजिनाच्या रॉकरचे प्रमाण दीडपट, म्हणून व्हॉल्व्ह ०.४८० इंच, सुमारे १२.२ मिलिमीटर उघडेल. तोच कॅम ठेवून १.६ चे रॉकर लावले तर उघडझाप ०.५१२ इंच होईल. कॅम न बदलता थोडा फायदा मिळवण्याची ही जुनी युक्ती आहे.

दुसरा आकडा ड्युरेशन, म्हणजे क्रँकच्या किती अंशांपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो. इथेच गिऱ्हाईक आणि कधी कधी दुकानदारही फसतो. जाहिरातीत छापलेले ड्युरेशन प्रत्येक कंपनी आपापल्या जागेवरून मोजते. म्हणून टॅपेट ०.०५० इंच, म्हणजे पन्नास थाऊ, उचलला गेल्यापासून मोजलेला आकडा पाहावा. तो सगळ्यांचा एकाच मापाने मोजलेला असतो आणि त्यावरच दोन कॅमची तुलना करता येते. शेवरोलेच्या साध्या ३५० इंजिनातील प्रसिद्ध मूळ कॅमचे माप सक्शनला १९५ आणि एक्झॉस्टला २०२ अंश आहे, लिफ्ट ०.३९० व ०.४१०. दुसऱ्या टोकाला त्याच कंपनीचा ‘डंटोव्ह ३०-३०’ हा कॅम, पन्नास थाऊवर तब्बल २५४ अंशांचा. ३०-३० म्हणजे दोन्ही व्हॉल्व्हचा टॅपेट क्लिअरन्स तीस थाऊ. १९६७ ते १९६९ च्या कॅमारो झेड-२८ मधील ३०२ घन इंचांच्या इंजिनात तो होता. वर गेल्यावर ते इंजिन किंचाळत पळे, पण खाली, शहराच्या रहदारीत, त्याच्यात जीव नव्हता.

असे का होते? सक्शन व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचल्यावर लगेच बंद होत नाही. वर जाणारा पिस्टन दाबायला लागला तरी तो काही वेळ उघडाच असतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत येणाऱ्या हवेला वेग असतो, ती पिस्टनला न जुमानता घुसत राहते आणि सिलिंडर जास्त भरतो. पण इंजिन हळू फिरत असेल तर आलेली हवा त्याच दाराने परत बाहेर ढकलली जाते. म्हणजे कागदावर साडेआठ कॉम्प्रेशन असले तरी प्रत्यक्षात दाब त्याहून बराच कमी मिळतो. म्हणूनच मोठ्या कॅमला जास्त कॉम्प्रेशन लागते. साडेआठच्या इंजिनात २३६ अंशांचा कॅम टाकणे म्हणजे पैसे देऊन ताकद घालवणे होय.

तिसरा आकडा लोब सेपरेशन, म्हणजे सक्शन आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधील कोन. यावर ओव्हरलॅप ठरतो, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी किती अंश उघडे राहतात ते. हिशेब सोपा आहे, कारागिराने एकदा हाताने करून पाहावा. सक्शन २३०, एक्झॉस्ट २३६, सेपरेशन ११० धरू. दोन्हींचे निमपट ११५ आणि ११८, बेरीज २३३. त्यातून सेपरेशनची दुप्पट २२० वजा केली की ओव्हरलॅप १३ अंश. तेच लोब १०६ वर घासले तर २१ अंश, ११४ वर घासले तर फक्त ५. वर दिलेल्या मूळ कॅमचे सेपरेशन ११२ आहे. त्याचा हिशेब केला तर उत्तर शून्याखाली येते, म्हणजे पन्नास थाऊवर ओव्हरलॅपच नाही. म्हणून ते इंजिन लोण्यासारखे आयडलिंग करते. ओव्हरलॅप जितका जास्त तितकी ती ‘धडधड’ जास्त, आणि तितका मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम कमी.

या व्हॅक्यूमबद्दल आम्ही जरा थांबून सांगणार आहोत. पॉवर ब्रेकचा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. चांगल्या मूळ इंजिनात आयडलिंगला पाऱ्याचे १७ ते २० इंच व्हॅक्यूम असते. मोठ्या कॅमने ते दहावर किंवा त्याखाली येते. आमच्या माहितीतील एका होतकरू कारागिराने आखातात एका गाडीला असा कॅम टाकला. इंजिन आयडलिंगला टिकेना, म्हणून त्याने आयडलिंग वाढवून ठेवले. गाडी ऑटोमॅटिक, कन्व्हर्टर मूळचाच. गिअर टाकताच वाढलेल्या आयडलिंगने गाडी पुढे ओढू लागली. त्याने ब्रेक दाबला, एकदा लागला. दुसऱ्यांदा दाबला तर पेडल दगडासारखे. गाडी गॅरेजच्या भिंतीवर गेली. समोर माणूस नव्हता म्हणून निभावले. मालकाने दुरुस्तीचा खर्च त्याच्या पगारातून कापला. आम्हाला खटकते ते हे, की कॅम निवडला होता मालकाने आणि गिऱ्हाइकाने मिळून, आणि भरपाई केली हात काळे करणाऱ्याने. व्हॅक्यूम गेज ही फार महागाची वस्तू नाही. गाडी गिअरमध्ये टाकून, एसी लावून गेज पाहावे. बारा इंचांच्या आसपास किंवा खाली दिसले तर वेगळा व्हॅक्यूम पंप किंवा बिनबूस्टरचे ब्रेक बसवल्याशिवाय गाडी गेटाबाहेर जाऊ देऊ नये.

आता निवड. ३५० च्या इंजिनासाठी आमचा ढोबळ अंदाज असा. पन्नास थाऊवर २१० पर्यंतचा कॅम मूळ कन्व्हर्टर आणि मूळ गिअरवर चालतो. २१८ ते २२४ मध्ये थोडी धडधड येते, पण रोजची गाडी म्हणून चालते. २३० च्या पुढे अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास पकडणारा कन्व्हर्टर, मागचा गिअर ३.७३ किंवा त्याहून खालचा आणि साडेनऊ-दहा कॉम्प्रेशन हवे. २५० च्या पुढे ती गाडी ट्रेलरवरून मैदानात न्यावी. इंजिन मोठे असेल तर तोच कॅम नरम वागतो, लहान असेल तर कडक. साधारणपणे ड्युरेशन दहा अंशांनी वाढले की ताकदीचे शिखर पाचएकशे फेऱ्यांनी वर सरकते.

गिअरचा हिशेब मात्र ढोबळपणे करू नये. वेग मैलांत घ्यावा, त्याला मागच्या गिअरच्या प्रमाणाने आणि ३३६ ने गुणावे, टायरच्या इंचांतील व्यासाने भागावे. टॉप गिअर एकास एक असताना इंजिनच्या फेऱ्या मिळतात. समजा गाडी पाव मैलाच्या शेवटी ताशी ११० मैल, म्हणजे १७७ किलोमीटर गाठते आणि टायर २६ इंची आहे. ३.०८ च्या गिअरवर फेऱ्या होतील सुमारे ४,३८०. ३.७३ वर ५,३००. ४.५६ वर ६,४८०. आता ज्या कॅमची ताकद ६,२०० वर फुलते तो ३.०८ च्या गाडीत टाकला तर टॉप गिअरमध्ये शर्यत संपेपर्यंत ती ताकद जागीच होणार नाही. आणि ४.५६ लावला तर ताशी ६० मैलांवर, साध्या हमरस्त्यावर, इंजिन साडेतीन हजारांवर ओरडत राहील. गिऱ्हाइकाला हे दोन आकडे कागदावर लिहून दाखवावेत. ‘‘कामावरही याच गाडीने जायचे आहे का?’’ हा प्रश्न विचारावा. दहापैकी बहुतेक वेळा गिऱ्हाईक एक पायरी खालचा कॅम आपणहून मागते. दोन कॅममध्ये मन अडले तर आम्ही नेहमी लहान घ्यायला सांगू.

भाव सांगताना कॅमचा एकट्याचा सांगू नये, कारण साऱ्या खर्चात कॅम हा लहान भाग आहे. नवे टॅपेट लागतातच. जुने टॅपेट नव्या कॅमवर बसवले की दोन्ही संपले. मूळ स्प्रिंग साडेचारशे थाऊच्या पुढे बेभरवशाच्या असतात, आणि स्प्रिंग पूर्ण दबल्यावर वेटोळ्यांत साठ थाऊ तरी जागा उरली पाहिजे. चेन नवी हवी, कारण ढिली चेन कॅमला मागे पाडते. त्यावर कन्व्हर्टर आणि गिअर. हे सगळे मिळून अंदाजपत्रक द्यावे. नंतर एकेक खर्च काढत गेले की प्रामाणिक कारागीरही लबाड दिसतो.

बसवताना दोन तपासण्या टाळू नयेत. पहिली, डिग्री व्हील आणि डायल गेज लावून कॅम कार्डाप्रमाणे बसला की नाही ते पाहणे. पिस्टन खरोखर वर कधी पोचतो ते पिस्टन-स्टॉप लावून दोन्ही बाजूंनी मोजून काढावे, पुलीवरच्या खुणेवर विसंबू नये. दुसरी, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधील अंतर. पिस्टनवर मुलांची खेळायची माती दाबून, हेड गास्केटसह कसून, इंजिन हाताने दोनदा फिरवावे आणि माती कापून जाडी मोजावी. हायड्रॉलिक टॅपेट दबतात, म्हणून या तपासणीपुरते घन टॅपेट वापरावेत. सक्शनला ऐंशी आणि एक्झॉस्टला शंभर थाऊ अंतर हवे. सर्वांत जवळची वेळ पिस्टन अगदी वर असताना नसते. एक्झॉस्टची त्याआधी दहाएक अंश आणि सक्शनची त्यानंतर दहाएक अंश असते.

शेवटी पहिला स्टार्ट. सपाट टॅपेटचा कॅम पहिल्या अर्ध्या तासात जगतो किंवा मरतो. लोब आणि टॅपेटच्या तोंडावर कॅमची पेस्ट लावावी, दुहेरी स्प्रिंग असतील तर आतल्या काढून ठेवाव्यात, ऑईल पंप ड्रिलने फिरवून तेल वरपर्यंत चढवावे. ऑईलमध्ये जस्ताचे मिश्रण पुरेसे हवे. २००४ नंतरच्या दर्जाच्या गाडीच्या तेलांत ते कमी केलेले आहे, म्हणून ब्रेक-इनचे वेगळे तेल घ्यावे. इंजिन पेटताच आयडलिंगवर सोडू नये, कारण या इंजिनात लोबला तेल क्रँकच्या शिंतोड्यांतून मिळते आणि हळू फिरणारा क्रँक शिंतोडे उडवत नाही. लगेच दोन हजारांवर न्यावे आणि दोन ते अडीच हजारांमध्ये खालीवर करत वीस ते तीस मिनिटे चालवावे. पाणी गळाले, काही बिघडले तर इंजिन बंद करावे, पण आयडलिंगवर ठेवून दुरुस्ती करू नये. त्यानंतर तेल आणि फिल्टर काढावा, फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात धरून पाहावा. धातूचा चुरा चमकला तर गिऱ्हाइकाला फोन करावा आणि इंजिन पुन्हा उघडावे. नसेल तर आतल्या स्प्रिंग बसवून, नवे तेल भरून कॅम कार्ड बिलाला टाचून गाडी द्यावी.