परिच्छेदाचे विषयवाक्य : उद्देश, निर्देश आणि प्रतिज्ञा

वैद्यबंधू-भगिनींच्या अनुभवाला शब्दरूप मिळाले पाहिजे, ही अपेक्षा आपल्या सभासंमेलनांतून नेहमी व्यक्त होते. अनुभव पुष्कळ आहे, लिहिण्याची इच्छाही आहे; तथापि लिहिलेले रुग्णवृत्त वाचकाच्या हाती नेमके काय देते, याचा विचार क्वचित होतो. आमच्या मते लेखनातील बहुतेक संदिग्धतेचे मूळ परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात असते. त्या वाक्यास आपण येथे ‘विषयवाक्य’ म्हणू. परिच्छेदात काय सांगावयाचे आहे, ते जे वाक्य स्पष्टपणे सांगते ते विषयवाक्य होय.

शास्त्राधार

ही कल्पना आपणांस परकी नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 32 व चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात 36 तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. त्यांपैकी उद्देश म्हणजे संक्षेपाने केलेले कथन आणि निर्देश म्हणजे त्याचाच विस्तार. ‘शल्य’ एवढेच म्हणणे हा उद्देश. शारीर व आगंतुक असे त्याचे प्रकार सांगणे हा निर्देश. उत्तम परिच्छेदाची रचना नेमकी अशीच असते. विषयवाक्य उद्देशाच्या जागी असते व उरलेली वाक्ये निर्देशाचे काम करतात.

मात्र केवळ विषयाचे नाव घेतल्याने विषयवाक्य सिद्ध होत नाही. त्यात विधानही असावे लागते. ‘आता आमवाताच्या चिकित्सेविषयी पाहू’ या वाक्यात विषय आहे, परंतु प्रतिपादन नाही. ‘आमवाताच्या सामावस्थेत स्नेहनापूर्वी लंघन व पाचन करावे’ या वाक्यात दोन्ही आहेत. चरकाचार्यांनी विमानस्थानात वादमार्गाचे विवेचन करताना प्रथम प्रतिज्ञा व नंतर हेतू, दृष्टांत, उपनय, निगमन असा क्रम दिला आहे. विषयवाक्य ही त्या अर्थाने लेखकाची प्रतिज्ञा असते, आणि ती पाळण्याची जबाबदारी पुढील वाक्यांवर असते.

तीन दोष

विषयवाक्याची परीक्षा करण्यासाठी पदार्थविज्ञानात शिकलेले लक्षणदोष फार उपयोगी पडतात.

1. अतिव्याप्ती : वाक्य परिच्छेदापेक्षा मोठे असते. एका रुग्णाचे वृत्त देताना ‘सिंहनाद गुग्गुळाने आमवात बरा होतो’ असे लिहिणे हा अतिव्याप्तीचा दोष आहे. ‘या रुग्णेत लंघन, वालुकास्वेद व सिंहनाद गुग्गुळ या क्रमाने सकाळचे जखडलेपण कमी झाले’ एवढेच त्या परिच्छेदाला पेलते. ‘आयुर्वेद हे प्राचीन शास्त्र आहे’ अशी सर्वत्र लागू पडणारी आरंभवाक्येही याच दोषात मोडतात.

2. अव्याप्ती : परिच्छेदातील काही भाग वाक्याच्या कक्षेबाहेर राहतो. विषयवाक्य निदानाविषयी असावे आणि परिच्छेदाच्या उत्तरार्धात पथ्य यावे, असे पुष्कळदा घडते. अशा वेळी वाक्य ताणण्याऐवजी परिच्छेद दोन करावेत.

3. असंभव : वाक्यात सांगितलेले परिच्छेदात कोठेच आढळत नाही. ‘अग्निबलानुसार मात्रा ठरविली’ असे म्हणून पुढे अग्नीची परीक्षा कशी केली, मात्रा केव्हा बदलली, यांपैकी काहीच न लिहिणे हे याचे उदाहरण.

एक उदाहरण

अभ्यासासाठी एक परिच्छेद रचून पाहू :

‘भल्लातक ही आपल्या शास्त्रातील सुप्रसिद्ध वनस्पती आहे. तिचे अनेक कल्प ग्रंथांतून वर्णिले आहेत. कफवातज विकारांत व अर्शामध्ये त्यांचा चांगला उपयोग होतो. शोधनासाठी विटेचे चूर्ण वापरतात. भल्लातक उष्ण व तीक्ष्ण असल्याने पित्तप्रकृतीच्या व्यक्ती, बालक व गर्भिणी यांना देऊ नये.’

यातील एकही विधान चुकीचे नाही. परंतु सर्वांत महत्त्वाची सूचना सर्वांत शेवटी आली आहे. घाईत वाचणारा चिकित्सक किंवा औषधालयात गिऱ्हाईक समोर उभे असताना पान चाळणारा चालक ‘चांगला उपयोग होतो’ येथेच थांबण्याचा संभव आहे. भल्लातकाचा समावेश औषधे नियम, 1945 (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधील शेड्यूल ई(1) मध्ये आहे. त्यापासून बनविलेल्या पोटात घेण्याच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीचा इशारा ठळकपणे छापावा लागतो. वेष्टनावर जे ठळक हवे, ते लेखात तळाशी असू नये. म्हणून तोच परिच्छेद असा लिहावा :

‘भल्लातकाचा कल्प देण्यापूर्वी रुग्णाची प्रकृती, वय व ऋतू तपासलेच पाहिजेत. हे द्रव्य उष्ण व तीक्ष्ण असून त्याच्या तेलाने त्वचेवर फोड येतात. पित्तप्रकृतीच्या व्यक्ती, बालक व गर्भिणी यांना ते देऊ नये. उष्ण ऋतूत टाळावे. शोधित द्रव्यच वापरावे आणि सेवनकाळात घृतयुक्त आहार ठेवून ऊन व अग्नी यांपासून रुग्णास दूर ठेवावे.’

येथे पहिल्या वाक्याने सूचना दिली, दुसऱ्याने तिचे कारण सांगितले आणि उरलेल्या वाक्यांनी तिचे पालन कसे करावे ते स्पष्ट केले. उपयोगाचे वर्णन स्वतंत्र परिच्छेदात द्यावे.

स्थान व परीक्षा

विषयवाक्य नेहमी आरंभीच असावे, असा मात्र नियम नाही. लक्षणांची संगती लावत निदानापर्यंत न्यावयाचे असेल, तर ते निगमनाप्रमाणे शेवटी येऊ शकते. परंतु मात्रा, निषेध, पथ्य व अनुपान यांविषयीच्या परिच्छेदांत ते प्रथमच यावे. तेथे वाचकास वाट पाहावयास लावणे हितावह नाही.

लेख पूर्ण झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचे केवळ विषयवाक्य वेगळ्या कागदावर क्रमाने उतरवून काढावे. ती वाक्ये सलग वाचून हेतू, लक्षणे, संप्राप्ती, चिकित्सा व परिणाम हा क्रम कळत असेल, तर लेखाची बांधणी योग्य आहे असे समजावे. एखाद्या परिच्छेदासाठी असे वाक्य सापडतच नसेल, तर बहुधा त्या परिच्छेदात काय सांगावयाचे हे आपलेच निश्चित झालेले नसते. अशा वेळी भाषा सजविण्यापेक्षा रुग्णपत्रिका पुन्हा उघडून पाहणे अधिक फलदायी ठरते.

पुढील रुग्णवृत्त लिहिताना ही परीक्षा अवश्य करून पाहावी, अशी सर्व सभासदांस आमची विनंती आहे. आपल्या लेखावर विसंबून दुसरा वैद्य औषध देतो. त्याला आपले म्हणणे पहिल्याच वाक्यात, आणि पुरावा असेल तेवढेच, कळले पाहिजे.